मुद्रक, ओतारी आणि जुळारी: सुरतेच्या लिप्या संगणकाच्या पडद्यावर

सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांना १६७० च्या सुमारास छापखाना काढायचा होता. ते ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. ब्राह्मणांच्या जुन्या पोथ्या छापून निघाव्यात अशी त्यांची इच्छा होती आणि सुरतेच्या वखारीने ती पत्राने लंडनला कळवली. मराठी वाचकाला त्या काळातली सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० च्या लुटींमुळे. त्याच धामधुमीत या शहरातल्या एका माणसाच्या डोक्यात खिळे आणि शाई घोळत होती. १६७४ मध्ये कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला. सोबत यंत्र आणि कागद होता, खिळेही होते. सगळे येऊन पोहोचल्यावर लक्षात आले की हिल्सला छापता येते, पण अक्षरे कोरता-ओतता येत नाहीत. आलेले खिळे रोमन होते. ज्यांना वखारीच्या पत्रांत 'बनियन' म्हटले आहे ती अक्षरे पाडणारा माणूस आलाच नव्हता. पारेखांनी मग आपल्याच माणसांना कामाला लावले. त्यांनी छापलेले कागद वखारीतल्या इंग्रजांनी पाहिले. अक्षर बरे वाचता येते, पण खर्च आणि वेळ फार लागतो, असे त्यांनी लंडनला लिहिले आणि पारेखांच्या खर्चाने एक ओतारी पाठवावा अशी विनंती केली. ओतारीही पुढे आला. पोथी छापून बाहेर पडल्याची नोंद मात्र नाही. अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातील मुद्रणावरच्या १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हे प्रकरण दिले आहे.

संगणकावर आशियाई भाषेतला मजकूर नीट दिसत नाही तेव्हा घडते ते बहुतेक वेळा असेच. मुद्रक आलेला असतो, ओतारी राहिलेला असतो. किंवा दोघेही हजर असतात आणि तिसराच गैरहजर असतो. हा तिसरा म्हणजे जुळारी. रोमन मजकूर जुळवणाऱ्याचे काम तसे सरळ: खणातून खिळा काढायचा आणि मागच्या खिळ्याला चिकटून लावायचा. देवनागरीच्या जुळाऱ्याला मात्र अक्षरापुढे अक्षर ठेवून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, तरी खिळा आधी लावावा लागतो. रफार उच्चारात आधी येतो, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'द' आणि 'य' शेजारी आले की दोन्ही बाजूला ठेवून 'द्य'चा वेगळा खिळा शोधावा लागतो. खिळ्यांच्या केसमध्ये रोमनपेक्षा कितीतरी जास्त खण लागत ते याचमुळे. हा सगळा शहाणपणा जुळाऱ्याच्या बोटांत असे आणि हस्तलिखित देणाऱ्या लेखकाला त्याचा पत्ताही नसे.

संगणकात या तिघांची कामे वाटून दिलेली आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली की बिघाड कुठे आहे ते पडद्याकडे पाहूनच सांगता येते. पहिले काम संकेताचे: प्रत्येक अक्षराला एक आकडा. दुसरे अक्षररचनेचे: ते आकडे वाचून कोणती आकृती कुठे बसवायची हे ठरवणारी प्रणाली, म्हणजे जुळारी. तिसरे फाँटचे: आकृत्यांचा साठा, म्हणजे ओताऱ्याचा माल.

'विद्यार्थी' हा शब्द घेतला तर युनिकोड या संकेतात तो दहा आकड्यांत साठवला जातो: व २३५७, ि २३६७, द २३४२, पाय मोडण्याची खूण २३८१, य २३५१, काना २३६६, र २३५२, पुन्हा २३८१, थ २३४१ आणि दीर्घ वेलांटी २३६८. क्रम पूर्णपणे उच्चाराचा आहे. 'व' आधी, वेलांटी नंतर. 'र' आधी, 'थ' नंतर. साठ्यात 'द्य' नाही आणि रफारही नाही. साठ्यात आहेत मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि पाय मोडल्याच्या दोन खुणा. जुळारी हे आकडे वाचतो, पहिली वेलांटी उचलून 'व'च्या अलीकडे नेतो, फाँटमध्ये 'द्य'ची आकृती आहे का ते पाहतो आणि असली तर लावतो. 'र' आणि त्याच्या मोडलेल्या पायाचा तो रफार करतो आणि 'थी'च्या वेलांटीच्या दांडीवर नेऊन बसवतो. हे सगळे शब्द पडद्यावर उमटण्याच्या आत, आणि मजकुराची ओळ सरकली की पुन्हा नव्याने.

जुळारी नसेल तर काय दिसते, हे विंडोज एक्सपी वापरलेल्या पिढीला आठवत असेल. त्या प्रणालीत युनिकोड होते आणि मंगल हा फाँटही होता. तरी 'वि'ची वेलांटी 'व'च्या पुढे पडे, आणि 'द्य'च्या जागी पाय मोडलेला 'द' व सुटा 'य' दिसे. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एक बारीक चौकोन असे. त्यात बरोबरची खूण करायची, एक्सपीची सीडी घालायची, संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा; मग वेलांटी आपल्या जागी जाई. खूण करताच प्रणाली सांगे की यासाठी डिस्कवर १० मेगाबाइट किंवा अधिक जागा लागेल. त्याच खिडकीत खाली चिनी, जपानी, कोरियन भाषांसाठी दुसरा चौकोन होता. त्याला लागत २३० मेगाबाइट. आशियाई लिप्यांतला फरक या दोन आकड्यांत चांगला दिसतो. चिनी लिपीत चिन्हे हजारोंनी, पण प्रत्येक आपल्या चौकोनात गुपचूप बसणारे. तिथे अडचण साठवणीची. नागरी, गुजराती, ओडिया, तेलुगूमध्ये मुळाक्षरे मोजकी, पण ती एकमेकांना धरून आकार आणि जागा बदलतात. तिथे अडचण जुळाऱ्याची. पहिल्या चौकोनापुढे मायक्रोसॉफ्टने लिहिले होते 'गुंतागुंतीच्या लिप्या'. पहिलीतले पोर ज्या लिपीत 'कमळ' लिहायला शिकते तिला गुंतागुंतीची म्हणणे, हा ज्याच्या घरी यंत्र जन्मले त्याचा दृष्टिकोन झाला.

मंगल हा फाँट एका मराठी माणसाच्या हातचा आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि मुद्राक्षरतज्ज्ञ. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवले आणि पुढे मुंबईच्याच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या फाँटवर काम केले. विंडोज २००० पासून नागरीचे पडद्यावरचे रूप कोट्यवधी लोकांनी पाहिले ते या फाँटमधून. छपाईत तो काहींना रुक्ष वाटतो, आणि ती तक्रार अगदीच खोटी नाही. पण कमी ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर शिरोरेघ तुटू न देणे आणि 'घ' व 'ध' वेगळे ठेवणे ही कामे त्याने चोख केली.

सुरत हे शहर या विषयाला प्रयोगशाळेसारखे आहे. महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. तापीकाठच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आणि घरात अहिराणी बोलणारी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोलीत आहेत. यंत्रमागांवर गंजामचे ओडिया आहेत आणि तेलुगू विणकरही आहेत. एकाच शहरात, एकाच कार्यालयाच्या संगणकावर पाच-सहा लिप्यांची गरज पडते.

त्यांतल्या चार लिप्यांचे युनिकोडमधले नाते मात्र आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. नागरी 'क'चा आकडा २३२५. त्यात ३८४ मिळवले की २७०९, हा गुजराती 'क'. ५१२ मिळवले की ओडिया 'क', ७६८ मिळवले की तेलुगू. 'ख', 'ग', 'घ' आणि पुढची बहुतेक अक्षरेही याच हिशेबाने सापडतात. हा योगायोग नव्हे. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत 'गिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्र विकसित झाले आणि पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅककडे आले. त्याच प्रवाहातून 'इस्की' हा भारतीय संकेत घडला आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने त्याला भारतीय मानकाचे रूप मिळाले. इस्कीची भूमिका अशी की ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकच. 'क'ला एकच आकडा द्यावा, आणि तो नागरीत दाखवायचा की गुजरातीत हे वेगळ्या खुणेने सांगावे. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली, पण आतली मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. म्हणून ही बेरीज जमते.

जमते, पण सगळीकडे नाही, आणि जिथे अडते तिथे मराठीचा स्वभाव दिसतो. 'वाऱ्यावर', 'सुऱ्या', 'कुऱ्हाड' या शब्दांतला अर्धा 'र' रफार होत नाही; तो पुढच्या अक्षराला आडवा चिकटतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक मठ आणि स्वयंपाकघर यांच्यातला फरक आहे. हिंदीला या खुणेची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला 'ऱ', आकडा २३५३, वापरतात. त्याचा पाय मोडला की हा आडवा 'र' मिळतो. त्यात ३८४ मिळवले तर गुजरातीच्या कोष्टकात रिकामी जागा लागते. मराठी नावांची यादी यंत्राकडून गुजराती लिपीत उतरवली की 'गोऱ्हे' किंवा 'बऱ्हाटे' यांसारखी आडनावे तिथे अडखळतात, आणि 'र्ह' करून रफार द्यावा की 'र' सुटा ठेवावा हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते. 'ॲ'चेही तसेच. 'ॲडव्होकेट', 'ॲसिड' लिहिताना मराठीला 'अ'वर चंद्र हवा असतो. तो एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फाँटांत त्याची आकृती नसते, त्यामुळे जुन्या संगणकावर 'ॲड.' लावलेल्या प्रत्येक वकिलाच्या नावाआधी रिकामी चौकट दिसते.

ही रिकामी चौकट म्हणजे ओतारी गैरहजर: आकडा ओळखला गेला आहे, पण त्याची आकृती फाँटमध्ये नाही. इंग्रजीत तिला गमतीने टोफू म्हणतात, आणि गुगलने आपल्या फाँटमालेला 'नोटो' हे नाव दिले ते टोफू नको या अर्थाने. ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी दिसली तर जुळारी हजर आहे आणि तक्रार करतो आहे: मात्रा आली, पण ती ज्याला लावायची ते अक्षरच आधी आलेले नाही. बहुधा टंकताना वेलांटी आधी दाबलेली असते; टाइपरायटरवर हात बसलेल्यांची ही जुनी सवय. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर दुखणे गंभीर आहे. मजकूर वाटेत अशा एखाद्या कोठारातून गेला आहे जिथे नागरीला जागाच नव्हती, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरीच प्रश्नचिन्ह साठवले गेले आहे. फाँट बदलून तो परत येत नाही. मूळ प्रतच शोधावी लागते.

उरला लॅटिन कचरा. तो भयंकर दिसतो, पण सहसा बरा होणारा असतो. युटीएफ-८ या पद्धतीत नागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत लिहिले जाते, म्हणजे 'विद्यार्थी'चे तीस बाइट. वाचणाऱ्या प्रणालीने ते युरोपीय मजकूर समजून एकेक बाइट सुटा वाचला, तर तीस परकी चिन्हे दिसतात. त्यांत प्रत्येक तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' येतो. नागरीत त्याच्या मागोमाग चार टोके फुटलेले गोल चलनचिन्ह किंवा येनचे चिन्ह येते. मजकूर गुजराती असेल तर त्या जागी खाली रेघ असलेला बारीक 'ए' किंवा दुहेरी कोनांचे अवतरणचिन्ह दिसते. म्हणजे कचऱ्यावरूनही भाषेची लिपी ओळखता येते. प्रणालीला 'हे युटीएफ-८ म्हणून वाच' एवढे सांगितले की मजकूर जसाच्या तसा परततो. स्प्रेडशीटमध्ये नावांची साधी यादी उघडताना हा घोटाळा हमखास होतो, आणि आयात करताना संकेतपद्धती निवडली की तो टळतो.

दुसऱ्या प्रकारचा लॅटिन कचरा याहून जुना आहे आणि सुरतेतल्या डीटीपीच्या दुकानांत अजून रोज भेटतो. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि रुळल्यावरही बरीच वर्षे, लग्नपत्रिका, साड्यांच्या गाठोड्यांवरची लेबले, मंडळांचे अहवाल हे सारे २५६ खणांच्या फाँटांत जुळवले जाई. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, गुजरातीसाठी एलएमजी अरुण, टेराफाँट वरुण ही त्यांतली परिचित नावे. या फाँटांची युक्ती अशी की संगणकाला वाटावे आपण इंग्रजीच लिहितो आहोत. लॅटिन अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या खणांत नागरीचे तुकडे भरलेले असत: अर्धा 'क', कान्याची दांडी, रफार, वेलांटीची दोन-तीन मापे. जुळारी यंत्रात नव्हता. तो खुर्चीत बसलेला माणूस होता. वेलांटी आधी लावायची हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. कागदावर काम सुंदर येई, आणि जोवर कागद हेच अंतिम मुक्काम होते तोवर कोणाचे काही बिघडले नाही. फाइल मात्र त्या फाँटशी बांधलेली राहिली. फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली की उघडी लॅटिन अक्षरे दिसतात. दुसऱ्या कंपनीचा फाँट लावला तर अक्षरे नागरीच दिसतात, पण निरर्थक; हे त्याहून फसवे. अशा फाइलींसाठी परिवर्तक मिळतात, प्रत्येक फाँटमालेसाठी वेगळा. त्यांना आकृत्यांचे तुकडे पुन्हा उच्चाराच्या क्रमात लावायचे असतात आणि रफार मागे कुठवर न्यायचा यात ते चुकतात. परिवर्तनानंतर 'वर्ष', 'मूर्ती', 'विद्यार्थी' असे शब्द डोळ्यांनी तपासावेच लागतात. १९९० च्या दशकातली मराठी-गुजराती सामग्री वाचवायची तर हे काम माणूस लावून करण्याला आज तरी पर्याय नाही, आणि जितका उशीर होईल तितके ते फाँट मिळणेही अवघड होत जाणार.

जुळारी स्वतः चुकू शकतो याचे उदाहरण फेब्रुवारी २०१८ मध्ये जगाने पाहिले. तेलुगूतला 'ज्ञ', त्याला जोडलेले एक अदृश्य विलगचिन्ह आणि पुढे काना, एवढ्या मजकुराचा संदेश आला की आयफोनवरचे ॲप बंद पडे. काही वेळा फोनच अडकून बसे. अक्षर धोक्याचे नव्हते. त्या क्रमाचे काय करायचे हे ॲपलच्या रचनाप्रणालीला सुचत नव्हते. काही दिवसांत आयओएस ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती आली. बातम्यांनी त्याला 'तेलुगू बग' म्हटले. बग आयओएसचा होता. नाव लागले भाषेचे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाची मुक्त प्रणाली करते. तिचे मुख्य कर्ते बेहदाद एस्फाहबोद इराणी वंशाचे, आणि नावातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. उर्दूच्या नस्तालिक लेखनशैलीचे दुखणे तर आणखी वेगळे. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना तिरका खाली उतरतो. म्हणून १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालिक हा फाँट केला तेव्हा हजारो अक्षरबंध हाताने लिहून साठवणे हाच मार्ग उरला होता.

फोनच्या बाबतीत अडचण बरीच ओसरली आहे. आयएस १६३३३ या मानकाचा तिसरा भाग आणि २०१६ मधला केंद्राचा आदेश यांमुळे भारतात विकल्या जाणाऱ्या हँडसेटवर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांचा मजकूर वाचता येणे बंधनकारक झाले. फाँटही आता जोडीने येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा बाळू हा जाड, गोलसर फाँट नागरीत बाळू, गुजरातीत बाळू भाई, ओडियात बाळू भायना, तेलुगूत बाळू तम्मुडू आणि उर्दूसाठी बाळू भाईजान. सुरतेतला एखादा कामगार वस्तीतला चौक डोळ्यांसमोर ठेवून नावे दिली असावीत असे वाटते. एका घराण्यातले असल्याने हे फाँट एकाच फलकावर शेजारी लावले तरी जाडी आणि उंची जुळते. नाहीतर गुजराती बारीक आणि नागरी ठसठशीत असा विजोड फलक दिसतो. गुजरातीला शिरोरेघ नाही, तेलुगूची जोडाक्षरे खाली उतरतात, आणि मराठीत 'सर्वांचे' शब्दावर रफार, अनुस्वार आणि मात्रा एकाच ओळीत डोके वर काढतात. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात मजकूर टाकला की हा वरचा भाग कापला जातो. तिथे फाँट निर्दोष असतो. ओळीची उंची वाढवणे एवढाच उपाय.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हीही फाँटचीच बाब. हिंदी वळणाचा आणि मराठी वळणाचा 'ल' यांचा आकडा एकच आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदवले आणि फाँटमध्ये मराठी आकृती असेल तर ती आपोआप निवडली जाते. बहुतेक ठिकाणी भाषा नोंदवलेलीच नसते, आणि महाराष्ट्र शासनाने वर्णमालेबाबत २००९ मध्ये निर्णय काढूनही पडद्यावर हिंदी वळण दिसत राहते.

शेवटचा भाग दिसण्याच्या पलीकडचा आहे. पीडीएफमध्ये बहुधा जुळाऱ्याने लावून झालेल्या आकृत्या साठवल्या जातात. वाचताना सारे बरोबर दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरे फुटतात. अशा फाइलीत नाव शोधले तर सापडत नाही. साध्या मजकुरातही हा प्रकार घडतो. 'ॲड.' हे २००८ च्या एकसंध अक्षराने लिहिता येते, आणि 'अ'नंतर चंद्र टंकूनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आकडे वेगळे असतात, आणि युनिकोडचे सामान्यीकरणाचे नियम त्यांना एक मानत नाहीत. 'वाऱ्या'तला आडवा 'र'ही दोन मार्गांनी निघतो: 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन माणसांनी टंकलेल्या याद्या एकत्र केल्या की एकच 'बऱ्हाटे' दोनदा येतो, आणि क्रम लावल्यावर दोघे वेगवेगळ्या पानांवर जाऊन बसतात. म्हणून शाळेच्या पटाची, सभासदांची किंवा ग्रंथालयाची यादी करताना क्रम लावण्याआधी या दोन जोड्या शोधून एकाच रूपात आणून घेतात.